सात नंबरचा खांब

नोकरीच्या काळात बेपत्ता माणसांच्या कितीतरी नोंदी हाताखालून गेल्या. बहुतेक चेहरे आता पुसट झालेत. एक मात्र तसाच राहिला आहे. वारज्यातून जाताना अर्धवट इमारतीचे उघडे खांब दिसले, की ती सकाळ डोळ्यांपुढे येते. नावे कुणाचीच देत नाही, कारण त्यातली माणसे अजून याच शहरात राहतात.

मी तेव्हा शहराच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. हजेरी आटोपली होती, चहा यायचा होता. खांद्याला शाळेची पिशवी लावलेल्या एक बाई आत आल्या. शिक्षिका होत्या.

"माझे मिस्टर कालपासून घरी आले नाहीत. मोबाइल टेबलावर ठेवून गेलेत," त्या म्हणाल्या.

"काय करतात ते?"

"सिव्हिल इंजिनिअर आहेत. इमारतींचे नकाशे काढतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "परवा ती साइट पडली ना, ती त्यांच्याच ऑफिसची."

ती दुर्घटना आम्हाला ठाऊक होती. शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत चालू बांधकामाचा एक कोपरा खाली आला होता आणि एका मजुराचा पाय त्याखाली सापडला होता. गुन्हा तिकडे दाखल झाला होता. ऑफिसच्या मालकाने जबाबात सांगितले होते, की नकाशात खांबांचे नंबर चुकले आणि नंबर देणारा हाच इंजिनिअर. त्यामुळे त्या ठाण्याच्या लेखी हा माणूस फरार होता, माझ्या लेखी बेपत्ता.

तरी तो पळाला असेल ही शंका माझ्या चेहऱ्यावर दिसली असावी. बाई म्हणाल्या, "साहेब, ते पळून जाणारे नाहीत. पण स्वतःला माफ करणारेही नाहीत. मला भीती त्याची आहे."

मी ठाणे डायरीत नोंद घेतली. फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवला. कालव्याच्या कडेने माणसे फिरवली, रुग्णालये पाहिली, शवागारही पाहिले. स्वारगेट बसस्थानकाच्या कॅमेऱ्यात ते दिसले. खांद्याला बॅग, बराच वेळ फलाटावर उभे. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. ते एकाही गाडीत चढले नाहीत. माझ्याबरोबरचे हवालदार जवळच्याच गावचे, मुरलेले. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "गाडीत चढला न्हाई म्हंजे मानूस शहरातच हाय, साहेब. जायचं मन न्हाई त्याचं."

मग मी त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथे त्यांच्या हाताखाली काम करणारी एक तरुण इंजिनिअर होती. रडून रडून डोळे सुजलेले. तिने कॉम्प्युटरवर एक नकाशा उघडला.

"सर, खांबांना नंबर द्यायला एक स्क्रिप्ट असते, छोटा प्रोग्रॅमच. आपण फक्त चालवायची, ती सगळ्यांना ओळीने नंबर घालते. नेहमीची स्क्रिप्ट डावीकडून उजवीकडे जाते. आमच्या सरांनी ती बदलून घेतली होती. त्यांची मुख्य दारापासून सुरू व्हायची आणि गोल फिरत यायची. ते म्हणायचे, साइटवरचा माणूस दारातून आत येतो, आकाशातून उतरत नाही."

"आणि चुकली कुठे?"

ती मालकांच्या केबिनच्या काचेकडे बघून हळू बोलू लागली. "एखादा खांब रद्द झाला, की सरांची स्क्रिप्ट त्याचा नंबर रिकामा सोडायची. म्हणजे साइटवर जुना कागद कुणाकडे राहिला तरी बाकीचे नंबर तेच राहतात. पण गेल्या महिन्यात त्यांना स्क्रिप्ट बदलायला लावली. नंबर सलग हवेत म्हणून. एक खांब रद्द झाला आणि पुढचे सगळे नंबर एकेक घर मागे आले. साइटवर नवा नकाशाही होता आणि जुनाही. जाड सळ्या ज्या खांबात हव्या होत्या, त्याच्या शेजारच्यात गेल्या."

"बदलायला कुणी लावली?"

तिने नकाशा बंद केला. मग पुन्हा काचेकडे बघितले.

मालक आधी म्हणाले, की असल्या तांत्रिक गोष्टीत ते लक्ष घालत नाहीत. मी घाई केली नाही. समोर बसून राहिलो. पाणी मागितले, ते प्यायलो. गप्प बसलेल्या पोलिसासमोर माणूस फार वेळ गप्प राहू शकत नाही, हा माझा अनुभव आहे.

"अहो, क्लायंट विचारतो, सहानंतर एकदम आठ कसा? खांब खाल्ला का?" ते अखेर चिडून म्हणाले. "दर वेळी काय उत्तर देणार? मी म्हटलं, नंबर सलग करून टाका."

"ते काय म्हणाले?"

"नको म्हणाले. दोनदा म्हणाले." मग आवाज खाली आला. "तिसऱ्यांदा नाही म्हणाले."

हे मी गुन्ह्याच्या तपास अधिकाऱ्याला कळवले. पण माणूस कुठे होता? हवालदारांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. पोट भरायला हा माणूस दुसरे काय करणार? नकाशेच काढणार. आणि नकाशा मोठ्या कागदावर छापायला कुठल्या तरी दुकानात जावे लागणार. आम्ही शहरातली तसली दुकाने गाठली आणि त्यांच्या नकाशाचा नमुना दाखवत फिरलो.

कसबा पेठेतल्या दुकानदाराने आम्हाला चष्म्यावरून पाहिले. "साहेब, मी नकाशे छापतो, वाचत नाही. वाचायला लागलो तर दुकान कोण चालवणार?"

काही आठवड्यांनी त्याचाच फोन आला. "वाचला एक. दारापासून गोल फिरतोय. सवड असेल तर या."

नकाशा एका छोट्या दुमजली घराचा होता. दाराजवळ एक, मग दोन, तीन, आणि सहानंतर थेट आठ. सात नंबर नव्हता. मी त्याचा फोटो ऑफिसातल्या त्या मुलीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "सरांचाच आहे," एवढेच तिला बोलता आले.

नकाशा आणणारा ठेकेदार तिथेच बाकावर बसला होता. आधी म्हणाला, भाच्याने काढलाय. मी विचारले, सात नंबरचा खांब कुठे आहे? त्याने कागद फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाला, "साहेब, देवमाणूस आहे हो. त्याला बेड्या घालणार नसाल तर नेतो."

तांबट आळीत एका कारखान्याच्या वर खोली होती. खाली तांब्यावर हातोड्या पडत होत्या, त्यामुळे दार वाजवल्याचे आत ऐकू गेले नाही. आम्ही आत शिरलो तेव्हा ते ठेकेदाराच्या लॅपटॉपसमोर बसले होते. दाढी वाढलेली, सदरा स्वच्छ. माझा गणवेश पाहून उभे राहिले. मला वाटले, आता हात पुढे करतील.

त्यांनी विचारले, "त्याचा पाय राहिला का?"

मी त्या मजुराला रुग्णालयात भेटून आलो होतो. "राहिला. लंगडेल, पण चालेल."

ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. हवालदारांनी खिडकी लावून घेतली, तरी हातोड्यांचा आवाज येतच होता.

बाईंना ठाण्यात बोलावले. त्या आल्या, नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. "जेवलात का?" एवढेच त्यांनी विचारले. बाकीचे बोलणे बहुधा घरी झाले असेल.

इंजिनिअरांच्या जबाबात 'दबावामुळे बदल केला' असे लिहावे, असे मी सुचवले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "दबाव होता हे लिहा. पण बदल मी केला, हेही लिहा." त्यामुळे आरोपपत्रात मालक आणि पडलेल्या साइटचा ठेकेदार यांच्याबरोबर त्यांचेही नाव आले. खटला रेंगाळला. शेवटी त्या मुलीच्या साक्षीने ते सुटले, पण मधली वर्षे त्यांनी कोर्टाच्या व्हरांड्यात काढली. त्यातल्या बऱ्याच तारखांना तो मजूर काठी टेकत त्यांच्या शेजारी बसलेला मी पाहिला आहे. दोघे फारसे बोलत नसत. शेंगदाण्याची पुडी मात्र एकच असे.

आता निवृत्त झाल्यावर निवांत बसलो, की ती माणसे आठवतात. हवालदार आता नाहीत. दुकानदाराने दुकान मुलाकडे दिले आहे.

त्या प्रकरणाने माझी एक सवय बदलली. तोवर सापडलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारत असे, पळालास का? त्यानंतर विचारू लागलो, काळजी कुणाची वाटते? चोरांना विचारले, खुन्यांना विचारले, घर सोडून गेलेल्या पोरींना विचारले. पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण खोटे बोलत. दुसऱ्याला जे सांगत, ते तपासून पाहण्याची गरज मला क्वचितच पडली.