कलाबाईंचा आकडा कमी कसा?

महादेवरावांना 'काऊन?', म्हणजे 'का?', विचारायची खोड. डॉक्टरनं गोळी दिली, तर पोटात गेलेली गोळी गुडघ्यापर्यंत पोचते कशी, हे आधी सांगावं लागे. हिवरा आश्रमच्या एसटीत ते चढले की कंडक्टर घाईनं तिकीट फाडायचा आणि थेट मागं सटकायचा. त्यांच्याजवळ बसला की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

तरुणपणी ते मलेरिया खात्यात हंगामी फवारणीवाले होते. बादलीत डीडीटीची पावडर कालवायची, एकानं पंप हापसायचा, दुसऱ्यानं नळीनं भिंती भिजवायच्या. असे चौदा हंगाम काढले. भिंतीवर डास बसला की मेलाच पाहिजे, असा सरकारचा हिशेब. पण गावच्या बाया सरकारच्या वरताण! पांढरे डाग घरात शोभत नाहीत म्हणून फवारणीवाल्यांची पाठ वळली की शेणमातीचं सारवण हजर. औषध गेलं सारवणाखाली, डास पुन्हा मोकळे.

महादेवराव समजावून समजावून थकले. शेवटी गावाला कित्ता म्हणून त्यांनी स्वतःचंच घर फवारलं. माजघर, चुलीमागची भिंत, पाळण्यामागची भिंत, काही सोडलं नाही. वर दोन हात जास्तच! कलाबाईंनी शेणाची पाटी उचलली तर ती हातातून काढून घेतली.

"माह्याच घरची भिंत सारवली तं गाव मले हासन," म्हणाले.

तेव्हापासून दर हंगामात हेच. त्याच भिंतीशी कलाबाई भाकरी थापत आणि नवऱ्याचे पावडरीनं पांढरे झालेले कपडे लेकराच्या लंगोटांसोबत एकाच घमेल्यात धूत. तेव्हा कुणाला काय ठाऊक?

पुढं ते काम सुटलं. महादेवराव वांगी-मिरची लावू लागले, केस पिकले, पावडर विसरली गेली. मागच्या वर्षी मात्र नागपूरहून एका संस्थेची माणसं आली. जुन्या फवारणीवाल्यांचं आणि त्यांच्या बायकांचं रक्त तपासायचं होतं. डॉक्टर योगिनी त्यांची प्रमुख. दोन महिन्यांनी आकडे आले. तीस वर्षांपूर्वी सोडलेली पावडर अजून महादेवरावांच्या अंगात होती!

"ही पाण्यात विरघळत नाही काका," योगिनी म्हणाल्या. "म्हणून घामातून-लघवीतून फारशी जात नाही. चरबीत मुक्काम ठोकते. निम्मी व्हायलाच सात-आठ वर्षं लागतात, कधी दहासुद्धा."

दुसरा कुणी घाबरला असता. महादेवरावांना खरं तर गंमतच वाटली. पण त्यांचा डोळा अडकला कलाबाईंच्या आकड्यावर. तो त्यांच्या निम्म्याहूनही कमी होता. घर एक, भिंती त्याच, वरून कपडे धुणारी तीच. मग हिचा कमी काऊन?

आठ दिवस डोकं खाजवून त्यांना उत्तर सापडलं. उपास! कलाबाईंचा गुरुवार, चतुर्थी, एकादशी काही चुकत नसे. झालं, गडी लागला कामाला. एक वेळ भगर, सकाळ-संध्याकाळ शेताला फेऱ्या. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले, पायजम्याची नाडी वीतभर जास्त ओढावी लागली. मोठ्या ऐटीत त्यांनी पुन्हा रक्त दिलं.

आकडा वाढला होता. आता बोला!

कलाबाई हसून हसून लोळल्या. "कराऽ आणखी उपास!"

महादेवरावांनी अंगणात येऊन योगिनींना फोन लावला. त्याही हसल्या. "चरबी घटली, तिच्यात बसलेलं रक्तात आलं. ते अंगाबाहेर नाही गेलं काका, माजघरातून नुसतं ओसरीवर आलं."

"मंग कलाबाईचं कुठी गेलं?"

योगिनींनी उलट विचारलं, "काकूंनी मुलं किती पाजली?"

"तीन. दोन-दोन वर्षं."

"दुधात चरबी असते ना. त्यातून जातं. बाईच्या अंगातून बाहेर पडायची तीच मोठी वाट. पहिल्या लेकराला सगळ्यात जास्त जातं."

महादेवरावांनी फोन ठेवला. इतके दिवस शोधत होते ते उत्तर मिळालं, आणि नको झालं. पहिलं लेकरू म्हणजे अर्पिता. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मुलगी झाली होती आणि सहा दिवसांची ती पोर घेऊन बाळंतीण आतल्याच खोलीत निजली होती.

ते तसेच दुकानात गेले आणि दुधाच्या भुकटीचा डबा घेऊन आले.

"हे कायले?" कलाबाई कडाडल्या. "पोरीले चांगलं दूध उतरून राह्यलं ना!"

महादेवरावांनी सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. कलाबाई भिंतीला टेकल्या. "म्हंजे मीनंच... माह्याच दुधानं?"

"तू नाई, कले. मी," महादेवराव म्हणाले. "तू सारवत होती. म्या हात धरला तुहा."

आत बाळ रडू लागलं. अर्पिता दारात आली, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं बापाकडून फोन घेतला, योगिनींना लावला आणि सरळच विचारलं, "मॅडम, पाजू का नको?"

"पाजा. अजिबात थांबवू नका. तुमच्या अंगातलं इतक्या वर्षांत निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं झालं असणार. आईच्या दुधातून बाळाला जे मिळतं, ते डब्यात नाही."

"पण माह्यातलं हिच्यात जाईन?"

"थोडं जाईल. खोटं सांगत नाही."

अर्पितानं फोन ठेवला. बाळ टाहो फोडत होतं. महादेवरावांनी डब्याचं झाकण उघडायला हात घातला, पण लेकीचं लक्ष आईकडं होतं.

"आई, तुले तवा हे माहीत असतं, तं पाजलं असतं का मले?"

कलाबाईंनी डोळे पुसले.

"पाजलंच असतं वं. भूक लागली होती तुले."

अर्पितानं बाळाला उचललं आणि पदराखाली घेतलं.