पालकाच्या रसातला फोटो
मिक्सरमध्ये पालक वाटला की त्याचा कच्चा, हिरवा वास येतो आणि मला मुलुंडच्या आमच्या गच्चीवरचा काही वर्षांपूर्वीचा मे महिना आठवतो. आई गेल्यावर कोकणातल्या घराला कुलूप लावून मी बाबांना इकडे आणलं होतं. ते दिवसभर खिडकीशी बसायचे, बोलायचे कमी. पानांच्या रसावर उन्हाने फोटो उमटवायचा मला तेव्हा नाद होता. गावच्या विहिरीवर कळशी घेऊन उभ्या आईचा जुना फोटो मी पारदर्शक कागदावर मोठा करून घेतला, पालकाचा रस फासलेल्या जाड कागदावर ठेवला, वर काच दाबली आणि तीन आठवडे उन्हात ठेवला. बाबा रोज काचेत डोकावून विचारायचे, "इली काय रे?" अखेर आई उमटली, फिकट हिरवी, हसरी. बाबांनी तो फोटो पलंगासमोर लावून घेतला. असा फोटो उजेडात हळूहळू विरतो हे मला ठाऊक होतं, पण त्यांचा खुललेला चेहरा बघून मी बोललोच नाही. दिवाळीच्या सुमारास फोटोकडे बघत ते म्हणाले, "माझी नजर जाता हा, की हीच जाता हा?" मी म्हटलं, "डोळे दाखवून घेऊया, बाबा." "डोळ्यांचा रवांदे. गावाक जाव्या. थंय ती नीट दिसात." "पुढच्या महिन्यात नक्की," म्हणून मी ऑफिसला निघालो. पुढच्या महिन्यात बाबाच नव्हते. त्यांच्या अस्थी घेऊन गावी गेलो तेव्हा अंगणात बराच वेळ उभा राहिलो. मला आई कुठेच दिसली नाही. बाबांना दिसली असती, आणि मी त्यांना नेलं नाही, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.