पाह्यलं का आयकलं?

आमच्या बीबी गावात युसूफचाचांना काही सांगायला गेलं, की ते आधी विचारायचे, "पाह्यलं का आयकलं?" दाराला कडी घातली म्हटलं, तरी उठून कडी हलवून बघायचे. बाबांची उघड्या हौद्याची छोटी मालमोटार तेच चालवत आणि तेच दुरुस्त करत. माणूस लाखाचा, पण कुणावर विश्वास ठेवील तर शपथ. मला त्यांचा भारी राग यायचा.

लढाई संपल्यावर बाबांनी लष्करी लिलावातली मोठी चाकं आणली. काळ्या मातीत आता गाडी रुतणार नाही, असं विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलं होतं. चाचा म्हणाले, "इकणारा असाच बोलते, मालक. अन् रिकामी गाडीही खोटं बोलते. भरून पाहू, वळवून पाहू." त्यांनी पुढच्या मडगार्डांना आतून पानाचा चुना फासला. मोठं चाक वळताना आत घासलं, तर वाटेत टायर फाटायचा; पण त्याआधीच चुना टायरला लागून ते कळणार. मग हौद्यात ज्वारीची पोती भरली, गाडी ओढ्यापर्यंत वेडीवाकडी फिरवून आणली, दारात लावली आणि नमाजाला गेले.

त्याच गाडीतून दुसऱ्या दिवशी ताईला मेहकरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिचे दिवस भरत आले होते.

चाचा परतले तेव्हा टायर स्वच्छ होते. आम्ही हुश्श केलं. चाचांनी मात्र वाकून मडगार्डाखाली हात घातला. "अठीचा चुना खरवडला. टायरले तर नाही. मंग गेला कोठी?" ते एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले, तसे आम्हीही एकमेकांकडे बघू लागलो. मला पोती भरणाऱ्या गड्याचा संशय आला. बाबांना वाटलं, चाचांनाच मेहकरला जायचं नाही. ते चिडले. चाचा म्हणाले, "माही पोरगी असती, तरी नसती नेली."

शेवटी आत्याबाई पुढं आल्या. "म्या पुसला. पोटुशी पोर बसनार, अन् चाकाले पांढरे पट्टे. मले वाटलं, कोनं करणी केली."

चाचा रागावले नाहीत. "बाई, संशय आला तं मले पुसाचं. चाक काऊन पुसलं?"

त्यांनी दिवसभर ठोकून मडगार्डाची कड वर घेतली, पुन्हा चुना फासला, पुन्हा पोती भरली. चुना जागच्या जागी राहिला, तेव्हाच ताई निघाली. वाटेत चाचांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं नेली. ताईला मुलगी झाली.

पुढं चाचा वारल्यावर नवा ड्रायव्हर आला. त्यानं टायर बदलले आणि चाकं एकदम बरोबर बसली म्हणून सांगितलं. ताई लेकीला घेऊन हौद्यात चढणार, तेवढ्यात ओट्यावरून आत्याबाईंनी विचारलं, "पाह्यलं का आयकलं?"

ड्रायव्हर गोंधळला. मला चाचांची फार आठवण झाली. आत्याबाईंनी ताईला खाली थांबवलं, बटव्यातून चुन्याची डबी काढली आणि गुडघ्यावर हात टेकत त्या चाकाशी जाऊन बसल्या.