लांब कुणापासून

पंचवटीतल्या भाजीबाजारामागच्या गल्लीत हिरामणचं सायकलचं दुकान होतं. पाटी अजून त्याच्या नावाची होती, पाने-पकड मात्र वर्षभर त्याच्या बायकोच्या, आशाच्या हातात होते. लकव्यानं हिरामणचा उजवा हात गेला, जीभ शाबूत राहिली. तो भिंतीकडेला सावलीत खुर्चीवर बसून सांगायचा आणि आशा करायची. पेठकडच्या गावातून दोघं द्राक्षछाटणीला दिंडोरीला यायची, तेव्हाही कात्री तिचीच भरभर चालायची. पाना धरायला तिला वेळ लागला नाही.

हल्ली मात्र हिरामणनं गावी जायचा हेका धरला होता.

"हितं बसून मी करतो काय? तुला समदं येतंय."

गावी गेला की हाताचा व्यायाम सुटणार, हे आशाला दिसत होतं. नाशकात रोज दवाखान्यात नेऊन नेऊन आता कुठे अंगठा हलायला लागला होता. म्हणून जे येत होतं तेही ती त्याला विचारून करायची.

त्या दुपारी स्टँडवर तेजस्विनीची सायकल होती. वाकड्या मुठीची, बारीक टायरची. तेजस्विनी दातांची डॉक्टर. शेजारच्या ओट्यावर टेकून ती म्हणाली, "पुढचा गिअर मोठ्या चकतीवर टाकला की चेन निसटते. काल रस्त्यात पडता पडता वाचले."

आशानं पॅडल फिरवत गिअर टाकला. चेन मोठ्या चकतीवर चढली, पण तिथे ठरली नाही. आशाच्या अंगाला घसरून पॅडलच्या दांड्यावर लोंबली. चेनला ढकलणारी पट्टी तिनं वाकून पाहिली. चकतीला समांतर होती, दातांवर नाणं सरकेल एवढीच उंच होती. केबलही ढिली नव्हती. म्हणजे पट्टीच हद्द सोडून जात होती. ती हद्द ठरवणारे दोन बारके स्क्रू पट्टीच्या वर शेजारी शेजारी होते, एकावर एल, एकावर एच.

"कुठला आवळू?"

"चेन लांब जाऊन पडतीय ना? मग एल. एल म्हणजे लांब. किती बारी सांगितलं."

आशानं एल आवळला. चेन पुन्हा पडली.

"अजून आवळ."

तिनं अजून आवळला. चेन पडायची ती पडतच राहिली, शिवाय लहान चकतीवर उतरायचीही बंद झाली.

"आधी एकच दुखणं होतं," तेजस्विनी म्हणाली.

हिरामणच्या कपाळावर आठी पडली. "हात गेला, आता डोकंही गेलं. आशे, उद्याच्या एस्टीनं जातो मी."

आशा उकिडवी तशीच त्याच्याकडे बघत राहिली. दोघांच्या मध्ये सायकल होती. दुकानात हिरामण इतकी वर्षं चेनच्या बाजूला उभा राहून काम करत आला होता, आज आशा जिथे होती तिथे. तिथून आतली लहान चकती लांब आणि बाहेरची मोठी जवळ. आता तो पलीकडून बघत होता, म्हणून आशाच्या अंगाला पडणारी चेन त्याला लांब वाटत होती. नियम खरा होता, पण लांब कुणापासून, हे सांगायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. वर्षभर दुकानात बिनगिअरच्या सायकलीच जास्त आल्या, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात होता. एच आवळला असता तर काम झालं असतं. आणि उद्या तो एस्टीत बसला असता.

ती उठली. "अहो, उठा जरा."

"कशाला?"

"तिकडून तुम्हाला चेन दिसत नाय, माझं तोंड दिसतं. तोंड बघायला बसवलंय का तुम्हाला?"

तेजस्विनीनं खुर्ची उचलली, आशानं त्याला काखेत धरलं. चेनच्या अंगाला, भर उन्हात, त्याला बसवलं. हिरामण पट्टीकडे बघत राहिला. मग भिंतीकडे, जिथे मघापर्यंत खुर्ची होती. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"एल होता तसा कर," तो म्हणाला. "आता एच. पाव फेरा. जास्त नाय."

आशानं पॅडल फिरवलं. चेन चढली आणि ठरली. उतरवली, उतरली. तेजस्विनीनं स्वतः करून पाहिलं.

"वर्षभर भिंतीला टेकवून ठेवलं मला," हिरामण बायकोला म्हणाला.

"सावली होती तिथं."

"सावलीत काय दिसतं माणसाला?"

आशा हात पुसत होती. "मग उद्याच्या एस्टीचं काय?"

"आधी हितं वर गोणपाट बांध," तो म्हणाला. "डोकं तापतंय."