वेदनेसदेची शिकवणी

माझे वडील कारखान्यात फिटर होते आणि इंग्रजी शब्दाकडेही ते यंत्रासारखंच बघायचे. त्यातला एकही भाग उगाच बसवलेला नसतो! बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत ते रोज संध्याकाळी माझ्याकडून स्पेलिंग पाठ करून घ्यायचे, तेही एकूण एक अक्षर उच्चारून. बुधवार म्हणजे वेदनेसदे. गुडघा म्हणजे क्नी. सुरी म्हणजे क्नाइफ.

यातली काही अक्षरं बोलायची नसतात, असं मी शाळेतून ऐकून आले, तर म्हणाले, "हजेरी लावायची आणि काम करायचं नाही, हे आमच्या खात्यात चालत नाही." खरे उच्चार त्यांना स्वतःलाही सगळे ठाऊक नव्हते. पण स्पेलिंगमध्ये माझा मार्क कधी गेला नाही.

कॉलेजच्या पहिल्याच तासाला मॅडमनी आवडता विषय विचारला. मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "प्सायकॉलॉजी." अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. पुढे महिनाभर कँटीनमध्ये मला "प्-प्-पोहे घेणार का?" असं विचारत होते.

तो सगळा राग मी घरी येऊन काढला. "बाबा, स्वतःला येत नाही तर शिकवायचं कशाला?"

बोलायला नको होतं. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि त्या दिवसापासून माझ्यासमोर इंग्रजी वाचणं बंद केलं. काही वाचायची वेळ आलीच, तर कागद माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "तू वाच."

आता माझी मुलगी तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. बोलते फाडफाड, स्पेलिंगच्या नावाने मात्र बोंब. परवा डिक्टेशनमध्ये वीसपैकी सहा मिळाले म्हणून रडत स्वयंपाकघरात आली. मी समजावलं, ओरडले, मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. शेवटी कांदा चिरता चिरता न राहवून म्हणाले, "अगं, क्नाइफ म्हण! वेदनेसदे म्हण!"

ती रडता रडता खुदकन हसली. "हे तुला कुणी शिकवलं?"

बाबा आता आमच्याकडेच असतात; बाहेरच्या खोलीत त्यांच्या पेपरची सळसळ थांबली.

"तुझ्या आजोबांनी," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "म्हणून तर माझं अजून चुकत नाही."

ती वही घेऊन तशीच त्यांच्याकडे धावली. बाबांनी वहीला हात लावला नाही.

"आधी आईला विचारून ये," ते म्हणाले, "मला स्वतःला येत नाही, तरी चालेल का?"

वीस वर्षं झाली होती. माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं ठेवलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी चिरणं सोडून होते तशी बाहेर आले.

"चुकलं माझं, बाबा. तिला शिकवा. मी पण बसते."

बाबांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि वही उघडली.

"बस की. पण ती हातातली क्नाइफ आत ठेवून ये."