टीव्ही सर्वांत शेवटी

मी याद्या करते. फ्रिजवर आठवड्याच्या भाज्यांची यादी, देवघराच्या दारामागे सणांची, कपाटाच्या आतून कोणत्या पेटीत काय आहे त्याची. टीव्हीमागच्या भिंतीवरची यादी मात्र एका अपघातानंतर लिहिली होती. एका दुपारी व्होल्टेज एकदम चढलं आणि आमचा सीडी प्लेअर जळून गेला. बालाघाटात हे नवीन नव्हतं, पण त्या दिवशी घरातलं सगळं एकदम सुरू होतं, आणि ती चूक माझी होती. त्याच संध्याकाळी मी लिहून लावलं: एक, स्टॅबिलायझर. दोन, दोन मिनिटं थांबणे. तीन, प्लेअर (नवा आल्यावर). चार, पाच मिनिटं थांबणे. पाच, टीव्ही सर्वांत शेवटी.

दिवाळीला धाकटे दीर नागपूरहून आले ते प्लेअरच्या जागी एक काळा डबा घेऊन. तो कम्प्युटरच होता, पण त्याला पडदा नव्हता. पडद्याचं काम आमच्या टीव्हीनंच करायचं. आत लिनक्स घातलं होतं. याला व्हायरस लागत नाही, असं ते दिवसातून तीनदा सांगत. चार दिवस तेच सुरू-बंद करत, आणि सगळं छान चाललं. ते गेले, मी डब्यावर क्रोशाचा रुमाल घातला, आणि दोन महिने कोणी त्याला हात लावला नाही.

मधल्या काळात सासूबाई अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, आणि थोरल्या दिरांच्या मुलीचं नागपूरचं लग्न त्यांना चुकलं. त्यांच्याजवळ राहायचं म्हणून माझंही चुकलं. पण त्यांनी नातीसाठी आपल्या पाटल्या पाठवल्या होत्या. सोन्याच्या, जुन्या घडणीच्या, जाड. थोरल्या जाऊबाईंना त्या गावठी वाटतात अशी सासूबाईंची पक्की समजूत होती. त्यामुळे त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती: पोरीनं लग्नात पाटल्या घातल्या की नाही. जाऊबाईंना विचारणं म्हणजे कमीपणा. लग्नाला गेलेले आमचे हे परत आल्यावर त्यांनाच विचारलं.

“पोरीच्या हातात काय होतं रे?”

“हार होता,” हे म्हणाले.

धाकट्या दिरांनाही फोनवर विचारून झालं. त्यांना जेवणातला मठ्ठा आठवत होता.

शेवटी लग्नाची सीडी आली. सासूबाईंनी रविवारी चार वाजता बघायचं ठरवलं आणि हट्टा गावाहून आपल्या बहिणीला बोलावणं धाडलं. साक्षीदार हवा होता, असं मला वाटतं.

यांची नोकरी उकव्याला. शनिवारी दुपारच्या बसनं घरी आले. आधी चालवून बघू म्हटलं. मी यादी वाचली, यांनी बटणं दाबली. स्टॅबिलायझर. दोन मिनिटं. डबा. पाच मिनिटं. टीव्ही. टीव्ही निळा झाला आणि निळाच राहिला. पुन्हा सगळं बंद करून पहिल्यापासून केलं. निळाच. तिसऱ्यांदा मी डब्यावरचा रुमालही काढला.

धाकट्या दिरांना फोन लावला. ते म्हणाले, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बिघडला असणार, म्हणजे डब्यातलं चित्र टीव्हीपर्यंत पोचवणारा प्रोग्राम. आधी कुठून तरी साधा मॉनिटर आणून जोडा. यांच्या मित्राचं कम्प्युटरचं दुकान होतं. हे सायकल रिक्षात मॉनिटर मांडीवर घेऊन आले. गल्लीतल्या तिघांनी कितीला घेतला ते विचारलं.

मॉनिटर जोडला तर त्यावर सगळं व्यवस्थित. अडचण फोनची होती. फोन बैठकीच्या एका टोकाला, डबा दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या खाटेवर सासूबाई. दीर मला सांगत, मी मोठ्यानं म्हणे, हे टाइप करत, आणि मध्ये सासूबाई प्रत्येक अक्षर पुन्हा म्हणत, कारण मुलाला कमी ऐकू येतं असं त्यांचं मत होतं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. दिरांनी जुनी सेटिंगची फाइल बाजूला ठेवून नवी बनवून घेतली. मॉनिटर काढला, टीव्हीची वायर लावली, सगळं बंद केलं आणि यादीप्रमाणे पुन्हा सुरू केलं. निळं.

हेच रविवारी सकाळी दोनदा झालं. अकरा वाजता हट्ट्याच्या मावशी पोचल्या. त्या खुर्चीत बसल्या, निळ्या टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मांडव मोठा दिसते.”

सासूबाई त्यांच्याशी तासभर बोलल्या नाहीत.

तीन वाजता दिरांचाच फोन आला. ते रात्रभर विचार करत होते म्हणे. त्यांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय काय करता ते क्रमानं सांगा. असा प्रश्न मला आयुष्यात फार कमी वेळा कोणी विचारला आहे. मी भिंतीवरचे पाचही मुद्दे वाचून दाखवले, थांबण्याच्या मिनिटांसकट.



“वहिनी, टीव्ही शेवटी काहून?”

“व्होल्टेजसाठी.”

“सुरू होताना तो डबा पाहते का टीव्ही हाय का नाई. तुमचा टीव्ही तवा बंद. मंग तो समजते का टीव्हीच नाई घरात.”

“मग ड्रायव्हर बिघडला नव्हता?”

“नाई. ही यादी कोनं लिवली?”

मी म्हटलं, ते आपण नंतर बोलू.

यांनी आधी टीव्ही लावला, मग डबा. चित्र आलं. यांनी एकदा फक्त भिंतीवरच्या यादीकडे पाहिलं, आणि ते मला जास्त लागलं.

चार वाजता सीडी लावली. लग्न सुरू झालं, पण काळंपांढरं, आणि दर थोड्या वेळानं चित्र वर सरके, नवरीचं डोकं पडद्याबाहेर जाई आणि खालून परत येई. मावशी म्हणाल्या, त्यांच्या लग्नाचे फोटो असेच आहेत, फक्त ते हलत नाहीत. सासूबाई कोपरावर रेलून उठल्या. नवरीच्या हातात काहीतरी जाड होतं. करडं.

“हे सोनं हाय का चुडा?” त्या म्हणाल्या. “मले रंग पाह्यजे.”

पुन्हा फोन. शनिवारी बनवलेली नवी फाइल टीव्ही अमेरिकेतला आहे असं धरून चालली होती. आपल्याकडच्या टीव्हीचा प्रकार वेगळा, तो एका ओळीत लिहायचा राहिला होता. ती ओळ घालायची होती. सरकत्या पडद्यावर हे टाइप करत होते, अक्षर वर जाऊ लागलं की मान वर करत होते. खाटेवरून अक्षरं पुन्हा म्हटली जात होतीच. आता दोघींच्या आवाजात.

सगळं बंद. मी भिंतीवरच्या यादीतला पाचवा मुद्दा खोडला आणि दोनच्या खाली बारीक अक्षरात लिहिला. आधी टीव्ही. मग डबा.

रंग आले. हिरवा मांडव, लाल शालू. पण व्हिडिओवाल्यानं कलाकारी केली होती. नवरीचा हात पुढे आला की त्यावर गुलाबाचं फूल उमलायचं. कन्यादानाला बदाम आले. मंगलाष्टकांत दोन कबुतरं उडाली, ती नेमकी मनगटावरून. सासूबाई त्या माणसाबद्दल जे बोलल्या ते मी वहीत लिहिलं नाही.

पंगतीत एकमेकांना घास भरवताना व्हिडिओवाला बहुतेक स्वतःच जेवायला बसला असावा. फूल नाही, कबुतर नाही. जिलबीचा तुकडा धरलेला हात सरळ समोर आला. मनगटात पाटली. पिवळीधमक, जाड, जुन्या घडणीची.

“थांबव.”

यांनी थांबवलं. सासूबाई बघत राहिल्या. मावशींनी नवरदेव बघायचा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “तो काई पळून नाई जात.” मग हळूच म्हणाल्या, दुसरा हात दिसत नाही. यांनी थोडं पुढे नेलं. दुसऱ्या हातातही होती. पुन्हा थांबवलं. मी चहा टाकला. चहा झाला तरी हात तिथंच होता.

सहाच्या सुमारास जाऊबाईंचा फोन आला. आईंना द्या म्हणाल्या. मी वायर ताणून फोन खाटेपर्यंत नेला. त्यांनी पिक्चर कसा वाटला विचारलं असावं, आणि मग पाटल्यांचंही, कारण सासूबाई जिलबीच्या हाताकडे बघत म्हणाल्या, “पाटल्या? होत्या का? माहं काई ध्यान नाई गेलं.”