नेटी प्रोकोपच्या घरचे गोली

रात्रभर घोंगावणारा उत्तरेचा वारा पहाटे पडला. वारा पडला की खरी थंडी उतरते, हे केल्डनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. गल्लीतल्या सगळ्या धुराड्यांतून धूर काठी रोवल्यासारखा सरळ वर चालला होता. ओरेस्ट प्रोकोप गाडी सुरू होते का बघायला गेला आणि मिशीला बर्फ लावून परत आला.

"मेली," तो म्हणाला.

"मरू दे. कुठं लग्नाला जायचंय तुला?" तळघरातून त्याच्या बायकोचा, नेटीचा आवाज आला.

नेटीचं धुणं चाललं होतं. तिचा धुण्याचा वार सोमवार, आणि तो तिनं बाळंतपणातसुद्धा फारसा चुकवला नव्हता. पण या सोमवारी यंत्राचा पट्टा तुटला आणि नवा यायला बुधवार मावळला. म्हणून गुरुवारी सकाळीच तिनं तिघांच्या कपड्यांचा ढीग उपसायला घेतला. घर तापवणाऱ्या भट्टीशेजारच्या दोरीवर कपडे चटकन वाळले. कॉलिनचे तिनं घड्या घालून वरच्या खोलीत त्याच्या पलंगावर नेऊन ठेवले. त्याच्या मोठ्या बॅगेला घामाचा असा काही वास मारत होता, की तीही तिनं घासून काढली आणि पलंगावरच उघडी करून ठेवली. आज जानेवारीतला कोणता दिवस आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

कॉलिन ऑसमंड म्हणजे केल्डन बॅजर्सचा गोली, गोल राखणारा. गावचा हा ज्युनियर आइस हॉकी संघ, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचा. कॉलिन पार पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतातून, डोंगराच्या पायथ्याच्या गावातून आलेला. गोलमध्ये उभा राहिला की मांजरासारखा. संघ या वर्षी वरच्या क्रमांकावर होता तो त्याच्या जिवावर, असं गावात न्हाव्यापासून पाद्रीबुवांपर्यंत सगळे म्हणत. नेटीच्या घरात राहिलेला तो कितवा गोली, हे तिनं मोजायचं कधीच सोडून दिलं होतं.

बॅजर्सची गोष्ट आपल्या स्वयंपाकघरापासून सुरू होते, असं नेटीचं आपलं मत. गावाजवळ पोटॅशची खाण निघाली, माणसं वाढली, आणि आजूबाजूच्या गावांचे संघ असताना आपणच का हात चोळत बसायचं म्हणून केल्डननं संघ काढला. बर्फावर खेळायची रिंक बांधली, गणवेश शिवले, लांबलांबची पोरं बोलावली. ती झोपणार कुठं, याचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. पहिला हिवाळा पोरांनी चर्चच्या तळघरात बाकांवर काढला. दोघांना न्यूमोनिया झाला तेव्हा पाद्रीबुवांच्या बायकोनं रविवारची प्रार्थना संपल्यावर बायकांना दारातच अडवलं. "एकेक पोर घरी न्या. नाहीतर आज कुणाच्या चुलीवर सूप चढत नाही." बायकांनी भराभर हसरी, गुबगुबीत पोरं उचलली. शेवटी उरला गोली. त्याला कोण घेणार? ही जात सामन्याच्या दिवशी तोंडातून शब्द काढत नाही, आणि त्यांची पायांची कवचं गादीएवढी. ती वाळवायला अर्धं स्वयंपाकघर लागतं. नेटी नुकतीच लग्न होऊन आलेली, मागं उभी होती. तिच्या पदरात तो पडला. तेव्हापासून गोली प्रोकोपांकडे, असा रिवाजच पडून गेला.

किती तऱ्हा पाहिल्या तिनं. एक सामन्याआधी नुसती उकडलेली अंडी खायचा. एक गोलच्या खांबांशी गप्पा मारायचा आणि खांब काय म्हणाले ते घरी येऊन नेटीला सांगायचा. सगळ्यांचे फोटो जिन्याच्या भिंतीला ओळीनं लावलेले. त्यात मधोमध डेल टकाच. डेलच्या वर्षी बॅजर्स प्रांताच्या अंतिम सामन्यात पोचले होते. शेवटच्या मिनिटांत समोरच्या एकानं वेळ काढायला म्हणून मैदानाच्या मधूनच पक भिरकावली. रबराची ती चकती एकदा उसळली, दोनदा उसळली आणि डेलच्या पायांमधून निवांत आत गेली. डेल घरी आला आणि बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात बसून राहिला. त्याच्या बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं तळं नेटीनं पुसलं. तो हलला नाही. त्याला पंधरा वर्षं झाली. डेल आता ट्रॅक्टर विकतो, पण अजून कुणी ना कुणी त्याला विचारतंच, पाय जरा मिटवले असतेस तर काय बिघडलं असतं रे? ओरेस्ट तर तो गोल रोज रात्रीच्या जेवणाला वाढायचा, उकडलेल्या बटाट्यांबरोबर.

दुसराही एक रिवाज होता. जानेवारीतल्या एका ठरल्या तारखेपर्यंत पोरांची संघासंघांत अदलाबदल व्हायची. तसं ठरलं की मॅनेजर पोराच्या आधी घरच्या बाईला फोन करायचा. कारण साधं: पोरगा संध्याकाळच्या बसनं निघणार, आणि ओले कपडे बॅगेत घातले तर या थंडीत त्यांच्या फळ्या होतात. मग बाई मुकाट्यानं धुवायला काढायची. म्हणून वार नसताना पलंगावर घड्या दिसल्या की पोरगा समजायचा, आपलं इथलं अन्नपाणी संपलं. एका वर्षी लॉर्न फ्रिसेन या मॅनेजरनं नेटीला न कळवताच तिच्या पोराला बसमध्ये बसवला. तिनं पुढचा अख्खा हिवाळा दार लावून घेतलं. त्या वर्षी गोली हॉटेलात राहिला आणि संघ तळाला गेला. तेव्हापासून लॉर्न तिला टरकून असायचा.

दुपारी कॉलिन सरावाहून आला, वर गेला आणि बऱ्याच वेळानं खाली उतरला. हातात भरलेली बॅग. ती दाराशी ठेवून तो जेवायला बसला आणि बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पेरोगी अशा चापू लागला, की ओरेस्ट बघतच राहिला. एरवी चार खाऊन उठणारा पोरगा.

"मिसेस पी, आणखी आहेत?"

"आहेत की. पण ही बॅग कशाला खाली आणलीस?"

"कळलंय मला. कपडे बघितले मी. आज अदलाबदलीचा शेवटचा दिवस." तो हसला. कानापर्यंत हसला. "कुठं चाललोय ते लॉर्न सांगेलच म्हणा."

नेटीच्या हातातली पळी तिथंच थांबली. ती तोंड उघडणार तेवढ्यात तो पुढं बोलायला लागला. बांध फुटल्यासारखा.

"खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतंय. तुम्ही माझं लई केलंत. पण मिसेस पी, मी इथं जेवतच नाही हो. इथंसुद्धा सामनाच खेळतो. रोज रात्री मिस्टर पी डेल टकाचचा गोल सांगतात. जिना चढताना ते सगळे माझ्याकडे बघतात. दूध आणायला गेलो तर दुकानातली बाई म्हणते, या खेपेला तरी सोडू नकोस राजा. तो गोल झाला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. पण रात्री डोळे मिटले की ती चकती उसळत माझ्याकडंच येते."

ओरेस्टनं काटा खाली ठेवला. "मी आपलं सहज सांगायचो," तो पुटपुटला.

नेटी खुर्चीवर बसली. आपल्या घरात पोराला आईचं घर मिळतं, हे ती इतकी वर्षं धरून चालली होती. बाहेर वाट्टेल ते होवो, आपल्या दाराच्या आत पोरगा नुसता पोरगा. आणि हा सांगत होता, की आत आल्यावरच जास्त गार वाटतं.

"बाळा," ती म्हणाली, "यंत्राचा पट्टा तुटला होता. सोमवारचं धुणं आज धुतलं. लॉर्नचा फोन आलेला नाही."

कॉलिनचा घास तोंडातच राहिला. मान लाल झाली, मग कान लाल झाले. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच म्हणायचं होतं. गिळ आधी." तिनं पाण्याचा पेला त्याच्यापुढं ठेवला. "जायचंय का तुला?"

तो ताटाकडं बघत होता. "हो. पण मी मागणार नाही. गोलीनं स्वतः जायला मागितलं की त्याच्यावर शिक्का बसतो. भित्रा म्हणतात. पुढं कुणी घेत नाही."

हेही खरं होतं. नेटीनं पेरोगीचं भांडं त्याच्यापुढं सरकवलं, ओरेस्टचा जाड कोट अंगावर चढवला आणि चालत रिंकवर गेली. पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. वाटेत तिला दुकानातली बाई दिसली, खिडकीतून हात हलवणारी. या खेपेला प्रांताचा कप येणार, असं तिनं काचेआडून बोटांनी सांगितलं.

लॉर्न फोनपाशीच बसला होता. तिला बघून उभा राहिला.

"नेटी, आईशपथ, तुझ्या पोराला हात लावलेला नाही मी."

"तेच म्हणायला आलेय. लाव."

"काय?"

"कुणी मागितलाय का त्याला?"

लॉर्ननं डोकं खाजवलं. "अल्बर्टातलेच मागतायत. दोन पोरं देतो म्हणतात. सकाळपासून दोनदा नाही म्हणालो, तुझ्या भीतीनं. अन् कपसाठी. का? तो काही बोलला का तुला?"

"त्यानं चकार शब्द काढलेला नाही. मीच सांगतेय. मला तो घरात नको."

"काय केलं त्यानं?"

"काय करणार? गरीब गाय आहे. मी म्हातारी झाले, लॉर्न. माझ्या जिवाला झेपत नाही."

पंचवीस किलोची पिठाची गोणी खांद्यावर टाकून जाणारी बाई होती ही. तिला झेपत नाही, हे लॉर्ननं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"नेटी, गोली गेला की कप गेला. गाव तुला काय म्हणेल?"

"डेलला म्हणतं तसं म्हणेल. पंधरा वर्षं त्यानं ऐकून घेतलं. आता थोडं मी ऐकते."

संध्याकाळी फोन वाजला. "नेटी," लॉर्न म्हणाला, "कपडे धुवायला काढ."

"धुतलेत," नेटी म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळची बस तर निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओरेस्टनं इंजिनाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवून गाडी सुरू केली. थांब्यावर कॉलिन बसच्या पायरीवर चढला तेव्हा ओरेस्ट सवयीनं बोलायला गेला, "आता तिकडं पाय जरा..." आणि गप्प झाला. मग म्हणाला, "डबा घेतलास ना?"

"घेतला, मिस्टर पी." कॉलिन नेटीकडं वळला. "संघ का सोडला म्हणून विचारतील मला."

"सांग, म्हातारीनं हाकललं."

तो हसला नाही. वाकून त्यानं तिच्या टोपीवर गाल टेकवला आणि आत गेला.

बॅजर्स त्या वर्षी पहिल्याच फेरीत गारद झाले. दुकानातली बाई नेटीला दूध द्यायची, पण तोंडानं काही बोलायची नाही. चर्चमध्ये बाकावर तिच्या शेजारची जागा दोन-तीन रविवार रिकामीच राहिली. ती घरी येऊन ओरेस्टला म्हणाली, बरंय, पाय पसरून बसता आलं. रात्री मात्र कूस बदलत राहिली. पोराचं भलं केलं याची तिला खात्री होती. त्याच्याआधीच्या पोरांचं काय केलं, ते तिला कळत नव्हतं. त्यातल्या कितीजणांनी जिना मान खाली घालून चढला असेल? ते आता कुणाला विचारणार?

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी बस गेली, दोघं घरी आली. दुपारच्या गाडीनं बदल्यात मिळालेल्या दोघांपैकी एक पोरगा त्यांच्याकडं उतरणार होता.

"तोही गोलीच का?" ओरेस्टनं विचारलं.

"विचारलं नाही मी. तूही विचारू नकोस. मीठ हवं का एवढंच विचार."

ओरेस्ट जिन्यापाशी जाऊन फोटोंच्या ओळीकडं बघत उभा राहिला. नेटीनं परातीत पीठ घेतलं, मधे खळगा केला, त्यात अंडं फोडलं आणि कोमट पाणी ओतून मळायला लागली.